रहीमसाहेबांची पाठशाळा

भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग म्हणून ज्या काळाचा उल्लेख होतो, तो जेमतेम बारा वर्षांचा. १९५१ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदकाने तो सुरू झाला आणि १९६२ मध्ये जाकार्तातील सुवर्णपदकाने संपला. मधल्या काळात १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. आज या गोष्टी सांगितल्या तर नव्या पिढीला दंतकथाच वाटाव्यात. या सगळ्या यशामागे एकच माणूस होता. तो नामांकित खेळाडू नव्हता, परदेशातून मोठ्या पगारावर आणलेला तज्ज्ञही नव्हता. तो हैदराबादचा एक शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. अवघे फुटबॉलविश्व त्यांना ‘रहीमसाहेब’ म्हणून ओळखत असे.

प्रशिक्षक पुष्कळ होतात. हाताशी असलेल्या खेळाडूंमधून अकरा जण निवडायचे, त्यांना पळवायचे, दम भरायचा आणि सामन्याच्या दिवशी देवावर हवाला ठेवायचा, अशी तेव्हाची रीत होती. रहीमसाहेबांचे वेगळेपण असे, की त्यांनी एक अवघड प्रश्न हाती घेतला. उपजत गुणांच्या बळावर खेळाडू एका पायरीपर्यंत झपाट्याने चढतो आणि मग तिथेच थबकतो. कितीही घाम गाळला तरी पुढे सरकत नाही. असे का होते आणि त्याला पुढे कसे न्यायचे? या प्रश्नाची त्यांनी शोधलेली उत्तरे आज जगभरच्या फुटबॉल अकादमींमध्ये रोजच्या सरावाचा भाग आहेत. हैदराबादच्या धुळीच्या मैदानांवर ती सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी सापडली होती, याची आठवण मात्र फारशी कुणाला नाही.

वर्ग आणि मैदान

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. निजामाच्या राजवटीतील ते संस्थान. आजचा मराठवाडाही तेव्हा त्याचाच भाग होता. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना रहीम फुटबॉल खेळले, पुढे स्थानिक क्लबांकडूनही खेळले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द मात्र हैदराबादच्या वेशीबाहेर फारशी गाजली नाही. पोटापाण्यासाठी त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुड्याची माध्यमिक शाळा, दारुल-उलूम, चादरघाट अशा शहरातील निरनिराळ्या शाळांत त्यांनी नोकरी केली. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळांतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली.

शिक्षकी पेशा त्यांच्या पुढच्या कामाला मोठा उपकारक ठरला. एखाद्या मुलाला त्रैराशिक जमत नसेल, तर तेच उदाहरण त्याच्याकडून शंभरदा सोडवून घेण्यात अर्थ नसतो. त्याची गाडी नेमकी कुठे अडते, हे चांगल्या मास्तराला आधी शोधावे लागते आणि मग वेगळे उदाहरण घालावे लागते. मैदानावरच्या मुलांकडे रहीमसाहेब याच नजरेने पाहत. १९४३ मध्ये ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि अखेरच्या श्वासापर्यंत त्या पदावर राहिले. वर्गातली दृष्टी संपूर्ण शहराच्या फुटबॉलला लावण्याची संधी त्यांना या पदाने दिली.

नियमांची किमया

त्या काळच्या भारतीय फुटबॉलचे सौंदर्य होते ते ड्रिब्लिंगमध्ये. चेंडू पायाला चिकटवून एकापाठोपाठ एक प्रतिस्पर्ध्याला चकवीत पुढे जाणारा खेळाडू प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत असे. अनवाणी पायांचे ते कसब खरोखरच अप्रतिम होते. पण त्याच कसबापाशी खेळाडूंची वाढ खुंटत होती. चेंडू मिळाला की मान खाली, नजर चेंडूवर आणि मोकळ्या जागेत उभा असलेला सहकारी नजरेआड. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढे हे खपून जाई. शिस्तबद्ध बचावापुढे मात्र तोच खेळाडू तीन जणांत अडकून चेंडू गमावी. दुसरी अडचण एकाच पायाने खेळण्याच्या सवयीची. उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे वळायला कचरतो, हे हुशार बचावपटूच्या पाच मिनिटांत ध्यानात येते आणि मग त्या खेळाडूसाठी अर्धे मैदान बंद होते.

असे दोष उपदेशाने जात नाहीत. पास दे म्हणून कितीही ओरडले, तरी सामन्याच्या धुमश्चक्रीत पाय जुन्या वळणानेच जातात. रहीमसाहेबांनी उपदेशाचा मार्ग सोडून खेळाचे नियमच बदलले. त्यांनी हैदराबादेत ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडूला ठरावीक वेळाच स्पर्श करण्याची मुभा असलेले सामने खेळवले. दुबळ्या पायानेच चेंडू खेळायचा, अशा अटीच्या स्पर्धा घेतल्या. लहान वयाच्या आणि कमी उंचीच्या मुलांसाठी वेगळ्या स्पर्धा ठेवल्या.

वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. त्यामागचा विचार मात्र पक्का होता. ज्याला चेंडूला दोनदाच पाय लावता येणार आहे, त्याला चेंडू पायाशी येण्याआधीच मान वर करून मैदान पाहावे लागते. पहिल्याच स्पर्शात चेंडू अशा जागी ठेवावा लागतो, की दुसऱ्या स्पर्शात तो नेमका सहकाऱ्याकडे जाईल. सहकाऱ्यांनाही बघ्याची भूमिका सोडावी लागते. चेंडूवाल्याला मोकळा पर्याय मिळावा म्हणून त्यांना सतत जागा बदलत धावावे लागते. म्हणजे एका नियमातून नजर, पहिला स्पर्श, पास आणि चेंडूविना धावणे ही चार कौशल्ये एकदम घडतात आणि तीही प्रशिक्षकाने एक शब्द न उच्चारता. दुबळ्या पायाच्या स्पर्धेत तर सगळेच नवशिके ठरतात. चुकण्याची लाज उरत नाही आणि एरवी टाळला जाणारा पाय नाइलाजाने कामाला लागतो. कमी उंचीच्या मुलांच्या स्पर्धेचा लाभही असाच. धिप्पाड मुलांच्या धक्काबुक्कीत जी किरकोळ मुले चेंडूपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांना बरोबरीच्या मुलांत खेळताना चेंडू भरपूर मिळतो. त्यांचे कौशल्य देहयष्टीच्या सावलीत झाकोळून जात नाही.

सराव म्हणजे सवयींची पुनरावृत्ती. सवयच चुकीची असेल, तर अधिक सरावाने ती अधिक घट्ट होते. जुनी सवय निरुपयोगी ठरेल अशी परिस्थिती निर्माण केली, की खेळाडू आपणहून नवी वाट शोधतो. आधुनिक क्रीडाशास्त्राने हे तत्त्व पुढे सविस्तर मांडले. हैदराबादच्या या मास्तरांनी कोणत्याही प्रयोगशाळेविना ते अमलात आणले होते.

पोलिसांचा संघ

या पाठशाळेचे पहिले मोठे फळ म्हणजे हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ. १९५० मध्ये रहीमसाहेबांनी त्याच्या प्रशिक्षणाची सूत्रे घेतली. तोवर भारतीय फुटबॉल म्हणजे कोलकाता, असे समीकरण होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या क्लबांच्या दबदब्यापुढे दक्षिणेतल्या संघांची कुणी फारशी दखल घेत नसे. त्याच वर्षी हैदराबाद पोलिसांनी ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत मोहन बागानला नमवले आणि देशभरच्या फुटबॉलशौकिनांचे डोळे विस्फारले.

मुंबईकरांना तर या संघाचे कर्तृत्व वर्षानुवर्षे घरबसल्या पाहायला मिळाले. मुंबईच्या प्रतिष्ठेच्या रोव्हर्स चषकावर हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नाव कोरले. राष्ट्रीय स्पर्धेतही तेच घडले. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे हैदराबादने संतोष करंडक जिंकला आणि दोन्ही अंतिम सामन्यांत पराभूत झाला तो मुंबईचा संघ. जमिनीलगतचे छोटे, अचूक पास आणि सतत जागा बदलणारी आघाडीची फळी ही हैदराबादी शैलीची ओळख बनली. नूर मोहम्मद आणि अझिझुद्दीन यांच्यासारखे खेळाडू याच मुशीतून राष्ट्रीय संघात गेले.

गुणी मुलगा हेरण्याची रहीमसाहेबांची नजर आणि तो हातचा जाऊ नये म्हणून त्यांनी घेतलेली काळजी, दोन्हींची साक्ष तुलसीदास बलराम यांच्या उदाहरणातून मिळते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा हा गरीब घरचा मुलगा. रोज सरावासाठी हैदराबादला येणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलीसाठी रोज एक रुपया देऊ केला. त्या सायकलीवरून ये-जा करणारा मुलगा पुढे दोन ऑलिम्पिक खेळला आणि देशाच्या सर्वश्रेष्ठ आघाडीवीरांत गणला गेला. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम या त्रयीचे नाव घेतल्याशिवाय भारतीय फुटबॉलची कथा पुरी होत नाही.

हेलसिंकीचा धडा

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून रहीमसाहेबांची सुरुवात झोकात झाली. १९५१च्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक पटकावले. शिऊ मेवालाल यांनी केलेला तो गोल अजरामर झाला. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत होते आणि फिनलंडची हवा त्यांच्या सवयीची नव्हती. तरीही दहा गोलांचे खापर केवळ हवेवर फोडण्याजोगे नव्हते. भारताचे कौशल्य आपल्या घरच्या अंगणापुरते होते, हे कटू सत्य त्या सामन्याने उघडे पाडले.

या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. निर्णय कागदावर एका दिवसात झाला, पण पायांना तो एका दिवसात मानवणारा नव्हता. अनवाणी पायाला चेंडूचा जो स्पर्श कळतो, तो चामड्याच्या जाड आवरणातून कळत नाही. चेंडू थांबवणे, वळवणे, हलकेच पुढे सारणे हे सारे नव्याने शिकावे लागते आणि काही काळ आधीपेक्षा वाईट खेळण्याची तयारी ठेवावी लागते. शिवाय देशांतर्गत सामने तेव्हा ७० मिनिटांचे असत, आंतरराष्ट्रीय सामने मात्र ९० मिनिटांचे. शेवटच्या वीस मिनिटांत भारतीय संघ ढेपाळायचा, त्याचे हे सरळ कारण होते. रहीमसाहेबांना आता तंत्र, दमसास आणि डावपेच अशा तिन्ही आघाड्यांवर काम करायचे होते.

डावपेचांच्या बाबतीत त्यांनी जगाचा कानोसा घेतला. दोन बचावपटूंवर भिस्त ठेवणारी जुनी रचना बलाढ्य संघांपुढे टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले. चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीवीर अशी रचना भारतात आणण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. ब्राझीलने १९५८चा विश्वचषक याच रचनेने जिंकला आणि मग ती सर्वतोमुखी झाली. रचना मात्र खेळाडूंच्या कौशल्यावर तोललेली असते. मध्यभागी दोघेच असतील, तर त्या दोघांना चेंडू क्षणात पुढे पोहोचवता आला पाहिजे. दोन स्पर्शांच्या सामन्यांत वाढलेल्या पोरांना ते नवे नव्हते.

मेलबर्न ते रोम

१९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये या मेहनतीचे चीज झाले. पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी हंगेरीने माघार घेतल्याने भारताची गाठ थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. १ डिसेंबर रोजी भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. मूळ गोव्यातील आसगावचे आणि मुंबईत टाटा संघाकडून खेळणारे नेव्हिल डिसोझा यांनी त्यात हॅट्ट्रिक साधली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. मुंबईचेच एस. एस. नारायण त्या संघात गोलरक्षक होते, तर समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही डिसोझा यांनीच केला. अखेरीस भारत ४-१ असा हरला आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव पत्करून चौथ्या स्थानावर राहिला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाने त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध आघाडी घ्यावी, यातच सारे आले.

१९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये निकाल तितके गोड लागले नाहीत, तरी खेळाचा दर्जा घसरला नाही. हंगेरीने भारताला कसेबसे २-१ असे हरवले. फ्रान्सला भारताने १-१ असे बरोबरीत रोखले. पेरूविरुद्ध मात्र १-३ अशी हार झाली. भारतीय फुटबॉल संघाचे ते शेवटचे ऑलिम्पिक ठरले, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

जाकार्ता

१९६२च्या आशियाई स्पर्धेसाठी संघ जाकार्ताला गेला, तेव्हा रहीमसाहेब आजारी होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरत आणले होते. सलामीच्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. त्यातच मैदानाबाहेरचे वातावरण तापले. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेतून वगळले होते. त्याविरुद्ध भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठवला आणि स्थानिक जनमत भारताविरुद्ध खवळले. जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. भारतीय खेळाडू मैदानात उतरले की हुर्यो उडवली जाई.

अशा स्थितीत भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवले. मात्र संघातील प्रमुख बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला खोल जखम होऊन टाके पडले. एखाद्या प्रशिक्षकाने त्यांना विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीवर खेळवायचे ठरवले. जर्नेलसिंग विद्यार्थिदशेत आघाडीवर खेळत असत, हे त्यांच्या ध्यानात होते. डोक्याला पट्टी बांधलेला हा धिप्पाड खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीला जड जाईल, हा त्यांचा होरा अचूक ठरला. उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध कर्णधार चुनी गोस्वामी यांनी दोन आणि जर्नेलसिंग यांनी एक गोल करून भारताला ३-२ असा विजय मिळवून दिला.

अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी आपल्या खेळाडूंकडे एकच भेट मागितल्याचे त्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले. ती भेट होती सुवर्णपदकाची. आपल्या गुरूचे दिवस भरत आले आहेत, याची त्यांना किती कल्पना होती कोण जाणे. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या विरोधी गजरात भारतीय संघ मैदानात उतरला. तापातून उठलेल्या पीटर थंगराज यांच्याकडे गोलरक्षणाची जबाबदारी सोपवण्यात आली होती. मूळ गोव्याचे, मुंबईत टाटांकडून खेळणारे फोर्तुनातो फ्रँको मधली फळी सांभाळत होते. भारताच्या बाजूने ओरडणारा एक गट मात्र प्रेक्षकांत होता आणि तो चक्क पाकिस्तानच्या हॉकी संघाचा होता. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग यांनी गोल केला. कोरियाने अखेरच्या काही मिनिटांत एक गोल फेडला, पण थंगराज आणि बचावफळीने आणखी पडझड होऊ दिली नाही. भारत २-१ असा जिंकला. गुरूला भेट मिळाली.

मागे काय उरले?

त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. वय होते ५३. हयातीत त्यांच्या वाट्याला कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान आला नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तोच मुळी १९८५ मध्ये. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हे १९६०च्या ऑलिम्पिक संघात होते. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षकही झाले. २०२१ मध्ये तेही निवर्तले. २०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठे सामान्य प्रेक्षकांना रहीमसाहेबांचे नाव नव्याने कळले.

त्यांच्या पश्चात भारतीय फुटबॉल एकाएकी कोसळला नाही. १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत हैदराबादच्याच सय्यद नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली भारताने कांस्यपदक मिळवले. पी. के. बॅनर्जी नामवंत प्रशिक्षक झाले. पण आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे पदक त्यानंतर भारताला मिळालेले नाही. ऑलिम्पिकचे दार तर १९६० नंतर उघडलेच नाही. ज्या शहराने देशाला डझनावारी खेळाडू दिले, त्या हैदराबादचा दबदबाही पुढे ओसरला.

याचे एक कारण रहीमसाहेबांच्या कार्यपद्धतीतच दडलेले आहे. त्यांचे यश फक्त राष्ट्रीय संघाच्या शिबिरात घडले नव्हते. त्याची मुळे शाळेच्या मैदानावर, कमी उंचीच्या पोरांच्या स्पर्धेत, दुबळ्या पायाच्या सामन्यांत होती. मोसमामागून मोसम या स्पर्धा भरवणारा माणूस गेला आणि त्या ज्ञानाची व्यवस्था लावून ठेवणारी संस्था मात्र उभी राहिली नाही. भारताने त्यांची पदके जपून ठेवली, पद्धत मात्र विसरून टाकली. युरोपातील प्रशिक्षणाचे नवे आराखडे आज आपल्याकडे मोठ्या खर्चाने आणले जातात, त्यांत मर्यादित स्पर्शांचे सामने असतात, दोन्ही पायांच्या सरावावर भर असतो. काचीगुड्याच्या एका शाळामास्तरांनी हाच धडा या देशाला केव्हाच देऊन ठेवला होता. तो पुन्हा गिरवण्यासाठी मोठी स्टेडियमे लागत नाहीत. एक मोकळे मैदान, एक चेंडू आणि मुलगा नेमका कुठे अडला आहे हे ओळखणारा एक मास्तर एवढे पुरेसे आहे.